निळी कड

१

सांगा बरं, माणसानं विश्वास कुणावर ठेवावा? डोळ्यांवर, कानांवर, की स्वतःच्या बोटांवर?

घाईनं उत्तर देऊ नका. लोकरीचा एक दलाल होता. गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायचा, डोळे मिटायचा आणि भाव सांगायचा. कधी चुकला नाही. पुढं त्याचा उजवा हात लुळा पडला, तर हा बहाद्दर डाव्या हातानं भाव सांगायला लागला आणि एका हंगामात बुडाला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "माझा हात बरोबरच आहे हो, मेंढ्या बदलल्यात." ज्याचं नाव बोटांवर झालेलं असतं त्याचं असं असतं. बोटं गेली तरी नाव सोडवत नाही.

मुरावीनचा क्लेम हॉर्सफॉल याच जातीचा. पश्चिम क्वीन्सलंडातलं हे गाव, जिथं जमिनीतलं पाणी गरम येतं आणि त्याला सडक्या अंड्याचा वास असतो. तिथं क्लेमचं दुकान. बंदुका, बारूद, दोरखंड, टोप्या, कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्या, सगळं मिळायचं. गिऱ्हाईक बहुतेक कांगारूंचे शिकारी. शौकाचे नव्हेत, परवान्याचे, पोटासाठी मारणारे. असा माणूस उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकत नाही. तिच्यात पुन्हा बारूद भरतो, पुन्हा गोळी बसवतो. पण चार-सहा वेळा उडाली की पुंगळीची मान कडक होते आणि तडकते. मग तिला ताव द्यावा लागतो, म्हणजे मान ज्योतीत धरून नरम करावी लागते.

त्यातली गोम अशी, की मान नरम हवी आणि बूड कडक. बूड नरम झालं तर गोळी पुढं जाते आणि आग मागं येते, बोल्टमधून, म्हणजे बंदुकीच्या मागच्या खिट्टीतून, नेम धरलेल्या डोळ्यात.

बाकीच्या गावांत आता या कामाला यंत्रं आली होती. क्लेम हातानं करायचा. शेडचं दार लावायचं, खिडकीवर गोणपाट सोडायचं, कारण पितळाचा रंग अंधारातच कळतो. बर्नरची निळी ज्योत पेटवायची. पुंगळीचं बूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून मान ज्योतीत फिरवत राहायची. बोटांना चटका बसला की सोडायची, खाली पाण्याच्या घमेल्यात. *चुस्स.* पुढची. चिमटीला सोसवेल तेवढीच ऊब बुडापर्यंत गेलेली असते, म्हणून बूड कडकच राहतं. मोजमाप नाही, घड्याळ नाही. माणसाचं बोटच काय ते माप.

ताव नीट बसला की पुंगळीच्या खांद्याखाली एक निळसर कड उमटते, कबुतराच्या गळ्यावर असते तशी. शिकारी माल घेताना ती कड बघतात. कड वर असली, बुडाकडं उतरली नसली, तर माल चोख.

क्लेमच्या बोटांतली जाणीव गेल्या हिवाळ्यात गेली. रक्तातली साखर, डॉक्टर म्हणाला. आधी पायाची बोटं गेली, मग हाताची. एका सकाळी न्याहारी करताना क्लेमच्या लक्षात आलं, की बायको गेल्यापासून तो जो टोस्ट स्वतः भाजतो, तो तव्यावरून हातानंच उचलतोय आणि बोटांवर फोड आलाय. दुखत मात्र काही नाही.

साखरेचं लेकीला ठाऊक होतं, बोटांचं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. काम चालू ठेवलं, अंदाजानं. आणि एक नवी सोय सुरू केली: ताव दिलेला माल अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात फिरवून चकाचक करून द्यायचा. फुकट. पितळ सोन्यासारखं दिसायचं आणि निळी कड पार पुसून जायची.

२

पहिली तक्रार डार्सी पोलमननं केली. डार्सी म्हणजे उंच, वाळका, मितभाषी माणूस. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख गाडीच्या फाळक्यात सापडून मधोमध फाटलं होतं आणि खुरासारखं दुभंगून वाढलं होतं.

"क्लेम, कड कुठाय?"

"पॉलिश केलंय लेका. आरशासारखं."

"आरसा काय करायचाय? माझं थोबाड मला पाठ आहे. कड ठेवत जा."

"का रे? क्लेमच्या बोटांवरचा भरवसा उडाला वाटतं?"

दुकानात आणखी दोघं होते, ते हसले. डार्सीनं डबा काखेत मारला. "बोटांवर आहे म्हणून तर घेतोय," तो म्हणाला आणि गेला.

शिकारीच्या हंगामाच्या सुरुवातीला डार्सी त्याच्या गाडीपाशी पडलेला सापडला. शवपेटी उघडायची नाही असं दफनाच्या वेळी ठरलं. सार्जंट नवखा होता. बंदुकीतला जाणता माणूस म्हणून त्यानं क्लेमलाच बोलावलं आणि फाटलेली पुंगळी त्याच्या हातात दिली. क्लेमनं ती उजेडात नेली. बूड भिजल्या पावासारखं फुगून उसवलं होतं.

"बारूद जास्त झाली," क्लेम म्हणाला.

सार्जंटनं तेच लिहिलं.

ग्लेनिस, डार्सीची बायको, स्वयंपाकघरात बसली होती. "बारूद जास्त? अरे क्लेम, चहात साखर टाकतानासुद्धा त्याचा हात आखडायचा."

"दमलेला माणूस, ग्लेनिस. लक्ष नसतं."

ती बराच वेळ टेबलावरच्या कापडाची घडी उलगडत, पुन्हा घालत राहिली. मग म्हणाली, "माझ्यामुळंच. त्या दिवशी मी मागं लागले होते, लवकर आटप, बहिणीकडं जायचंय म्हणून. घाईत भरली असणार त्यानं."

इथं क्लेमनं "नाही गं" म्हणायला हवं होतं. निदान तेवढं तरी. तो म्हणाला, "असेल."

निघताना तिनं डार्सीच्या उरलेल्या पुंगळ्यांचा डबा त्याच्या हाती दिला, घरात नको म्हणून. वर फळांचा केकही बांधून दिला. केक चांगला होता. क्लेमनं सगळा खाल्ला.

३

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, शेडमध्ये.

क्लेम ताव देत होता. फिरवायची, सोडायची, *चुस्स.* फिरवायची, सोडायची, *चुस्स.* हे काम इतकं एकसुरी असतं की हात आपोआप चालतो आणि डोकं कुठंतरी भटकत राहतं. म्हणून ते किती वेळ चाललं होतं हे त्याला सांगता आलं नसतं. पण मध्येच त्याच्या लक्षात आलं, की आपण एक पुंगळी टाकतोय आणि आवाज दोन येताहेत.

*चुस्स.* आणि जरा थांबून, *चुस्स.*

त्यानं हात थांबवला. ज्योतीची भरभर तेवढी ऐकू येत होती. त्यानं एक पुंगळी सोडली. *चुस्स.* वाट पाहिली. काही नाही.

पाल असेल, तो मनाशी म्हणाला. नाहीतर टाकीच्या नळात हवा असेल. बर्नरच्या नळीला भोक असेल, हे जास्त वाईट; म्हणून त्यानं साबणाचं पाणी लावून सगळी नळी तपासली. कुठं बुडबुडा नाही. ठीक. आणि पत्र्याची शेड म्हटली की उन्हात कुरकुरणारच.

पुन्हा बसला. हात लयीत आला आणि दुसरा आवाजही आला. त्याच्या आवाजापाठोपाठ, एका श्वासाच्या अंतरावर. शिकाऊ माणूस उस्तादाचा हात बघून आपला हात चालवतो ना, तसा.

त्यानं काम उरकलं. घमेलं उपसताना मात्र पुंगळ्या मोजल्या नाहीत. मोजाव्यात असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा त्यानं दुसरंच काहीतरी हातात घेतलं.

४

मग चटका बसला.

साधी गोष्ट. पुंगळी फिरत होती, आणि चिमटीत एकदम आगीची टाचणी घुसावी तसं झालं. क्लेमनं "आई गं" म्हणून ती सोडून दिली. घमेलं चुसकलं. तो हाताकडं बघत उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हिवाळ्यापासून पहिल्यांदा त्याला बोटांत काही कळलं होतं.

दुसरी धरली. पुन्हा चटका, नेमका, हवा तेव्हा. तिसरी, तेच. तो अंधारात एकटाच हसला. डॉक्टरला काय कळतंय! साखर कमी खाल्ली, बोटं परत आली. त्यानं दार उघडून पुंगळ्या उजेडात धरल्या. निळी कड खांद्याखाली, सुतात. चाळीस वर्षांतला उत्तम माल.

फक्त एक गोष्ट त्याला जरा विचित्र वाटली. संध्याकाळी साबणानं हात धुताना त्यानं बोटं निरखली. इतके चटके बसलेल्या बोटांवर लाली नव्हती. फोड नव्हता. आणि स्टोव्हवरच्या किटलीला त्यानं मुद्दाम चिमटी लावून पाहिली, तर काहीच कळलं नाही. ओल्या लाकडाला हात लावावा तसं. थोड्या वेळानं फोड तेवढा आला, न दुखता.

म्हणजे बोटं किटलीला मेलेली होती आणि शेडमध्ये जिवंत.

यावर क्लेमनं बराच विचार केला. नसांचं असंच असतं, हळूहळू जाग येते, आधी सवयीच्या कामाला. असं त्यानं ठरवलं. ठरवणं सोपं होतं, कारण दुसरं काही ठरवलं असतं तर दुकानावरची पाटी उतरवावी लागली असती.

५

टेगन त्याची एकुलती एक मुलगी. तिशीची, खांद्यानं रुंद, बापासारखीच बोलकी. ती काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "डॅड, डार्सीचं माळरान मला मिळालं शिकारीला. ग्लेनिसनंच माझं नाव सुचवलं मालकाला."

"ग्लेनिसनं?"

"हो. म्हणाली, दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा आपल्या क्लेमच्या पोरीला द्या. बाई रडत होती रे. मला जरा कसंसंच झालं." तिनं पुंगळ्यांची थैली काउंटरवर ओतली. "या ताव देऊन दे. आणि कड ठेव. पॉलिश नको."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"ग्लेनिस म्हणाली, डार्सी नेहमी म्हणायचा, कड बघितल्याशिवाय भरू नये."

"मग भरली कशाला त्यानं?" क्लेम एकदम तडकून म्हणाला.

टेगननं भुवया उडवल्या. "अरे बापरे! म्हातारा तापला. मी आपलं सांगितलं. आणि साखर बघितलीस का तुझी? हात कसे आहेत?"

"हे बघ." त्यानं पंजा तिच्या नाकासमोर नाचवला. "पियानो वाजवून दाखवू?"

"तू? तुला धड शिट्टी वाजवता येत नाही." ती हसली आणि त्याच्या टकलावर टपली मारून गेली.

दुपारी त्यानं दार लावलं, गोणपाट सोडलं, ज्योत पेटवली. लेकीचं काम म्हणून मन लावून बसला, आणि मन लावायची त्याची जुनी रीत म्हणजे डोळे मिटायचे. रंग फसवतो, बोट फसवत नाही, असं तो नवशिक्यांना सांगायचा. चटका आला की सोडायची. *चुस्स.* आणि एका श्वासानंतर, *चुस्स.* आता त्याची त्याला सवय झाली होती. सोबत असल्यासारखं वाटायचं.

आज चटका जरा उशिरानं येतोय का? आला होता असा विचार त्याच्या मनात. पण उशीर कशाच्या मानानं, हे कसं ठरवायचं? माप तर बोटच.

थैली संपत आली तेव्हा त्याला वास आला. डार्सी ओढायचा त्या तंबाखूचा. मुरावीनमधले निम्मे लोक तीच तंबाखू ओढतात, क्लेम स्वतःच ती विकायचा. तरी त्यानं डोळे उघडले.

ज्योतीच्या पलीकडं दोन बोटं होती.

अंगठा आणि तर्जनी. चिमटीत पुंगळी. ती मानेपासून बुडापर्यंत लाल झालेली, आणि बोटं ती सावकाश फिरवत होती, न दचकता, न थरथरता. मनगटाच्या जागेपासून पुढं अंधार. अंगठ्याचं नख खुरासारखं दुभंगलेलं. ती बोटं थांबली होती, क्लेमची वाट बघत.

मग क्लेमच्या चिमटीत चटका बसला. त्यानं पुंगळी सोडली. पलीकडची बोटंही उघडली.

ज्योतीच्या मागं काच आहे, आपलंच प्रतिबिंब आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ज्योतीच्या मागं पत्रा होता. गेली चाळीस वर्षं पत्राच होता. उठून दार उघडायला चार पावलं पुरली असती, आणि उजेडात त्यानं तो माल पाहिला असता.

त्यानं डोळे पुन्हा मिटले आणि उरलेल्या पुंगळ्या संपवल्या. मग अंधारातच चाचपून सगळ्या भुशाच्या यंत्रात ओतल्या आणि बटण दाबलं.

"डॅड! पॉलिश नको म्हटलं होतं ना!" दुसऱ्या दिवशी टेगन वैतागली.

"दुकानदार कोण, तू की मी? चमकणाऱ्या वस्तूला कुणी नावं ठेवत नाही."

"बोटांची शपथ?"

"बोटांची शपथ," क्लेम म्हणाला.

६

टेगननं त्या पुंगळ्यांत बारूद भरली, गोळ्या बसवल्या आणि उन्हं कलताना गाडी घेऊन डार्सीच्या माळाकडं निघाली. जाताना तिनं दुकानासमोर भोंगा वाजवला.

क्लेम शेडमध्ये आला. घमेल्यातलं पाणी लिंबाच्या झाडाला घालायचा त्याचा नेम होता. त्यानं घमेलं कलतं केलं. तळाशी काहीतरी खडखडलं.

एक पुंगळी. उपसायची राहून गेलेली, पॉलिश न झालेली. मावळतीच्या उजेडात त्यानं ती धरली. निळी कड खांद्याखाली नव्हती. कडच नव्हती. मानेपासून बुडापर्यंत सगळी पुंगळी एकाच काळपट निळ्या रंगाची होती. त्यानं बूड पकडीत धरून दाबलं. कणीक दाबावी तसं ते दबलं.

तो दुकानात धावला. वायरलेस काउंटरमागं भिंतीला टांगलेला असायचा. त्या टापूतले सगळे शिकारी एकाच पट्टीवर बोलतात. एकानं शिंकलं तर दहा गाड्यांत ऐकू येतं. आणि ग्लेनिसच्या स्वयंपाकघरातही. डार्सीचा सेट ती बंद करत नसे. घरात आवाज असलेला बरा वाटतो, म्हणायची.

क्लेमनं माइक घेतला. "टेगन. टेगन, ऐकतेस?"

"बोल डॅड. पटकन. समोर एक थोराड नर उभा आहे, मी लावतेच आहे नेम."

"थांब."

"का?"

का. एवढाच शब्द होता. त्याचं उत्तरही लहान होतं. क्लेमनं तोंड उघडलं, आणि त्याला सगळ्या गाड्या दिसल्या, सगळे कान दिसले, टेबलावरच्या कापडाची घडी घालणारी ग्लेनिस दिसली.

"तू... तुझा जेवणाचा डबा विसरलीस," तो म्हणाला.

वायरलेसमधून हशा उसळला. "अरे क्लेम, पोरगी तिशीची झाली रे!" बर्ट डॅनाहर ओरडला. "शेंबूड पण पुसायला येतोस का?"

"डबा शेजारच्या सीटवर आहे, डॅड," टेगन हसत म्हणाली. "आता गप्प बस, पळून जाईल तो."

क्लेमनं माइक घट्ट धरला आणि मग त्यानं सगळं सांगितलं. खरंच सांगितलं. थांब, गोळी झाडू नकोस, बूड नरम आहे. माझी बोटं मेलीत, हिवाळ्यापासून मेलीत. डार्सीच्या पुंगळ्या पण मीच जाळल्या होत्या. ग्लेनिस, तुझी चूक नव्हती, त्याची पण नव्हती, माझी होती. हे त्यानं मोठ्यानं, स्पष्ट, रडत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याला वाटलं, छातीवरची शिळा कुणीतरी उचलली.

वायरलेस शांत होता.

बटण दाबून बोललं की जो लाल दिवा लागतो, तो लागलेला नव्हता. क्लेमनं माइककडं पाहिलं. त्याचा अंगठा बटणावर नव्हता. बटणाशेजारी होता, प्लास्टिकवर, सगळ्या जोरानिशी दाबलेला. त्याला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

मागं शेडमध्ये घमेलं रिकामं, पालथं पडलं होतं. तिकडून आवाज आला.

*चुस्स.*

आणि क्लेमच्या चिमटीत चटका बसला, हाडापर्यंत.

तो माइक धरून तसाच उभा राहिला. बाहेर अंधारलं. बर्टनं टेगनला हाक मारली, मग आणखी कुणी मारली, मग सगळेच मारायला लागले, आणि गाड्या त्या माळाकडं वळल्याचं त्यांच्या बोलण्यावरून कळलं. बऱ्याच वेळानं बर्टचा आवाज आला. तो सार्जंटला बोलवा एवढंच म्हणाला.

मग ग्लेनिस बोलली. हळू, कुणाला लागू नये असं. "क्लेम? अरे क्लेम... तिनं पण बारूद जास्त भरली का रे?"

क्लेमनं खाली बघून, डोळ्यांनी शोधून अंगठा बटणावर ठेवला. लाल दिवा लागला.

"हो," तो म्हणाला. "घाईत भरली असेल."

मुरावीनच्या दफनभूमीत आता डार्सी आणि टेगनच्या कबरी शेजारी शेजारी आहेत, आणि नव्या शिकाऱ्याला तिथं नेऊन सांगतात, बघ, बारूद जास्त भरली की असं होतं. क्लेमचं दुकान चालू आहे. माल चमकतो. दुपारी शेडचं दार लागलेलं असतं आणि बाहेर उभं राहिलं तर आवाज दोन नाही, तीन येतात.

तुमच्याकडं एवढंच मागणं. तुम्ही हे कुठं सांगाल तेव्हा त्या दोघांच्या नावावर चूक मांडू नका. ज्याची आहे त्याच्याच नावावर मांडा. हिशेब खरा ठेवा.